अठ्ठावीस रकाने आणि एक गव्हाण

मित्रांनो, मी एक जुनी गव्हाण आहे. गव्हाण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गोठा येईल, शेण येईल, शेपटीने माश्या हाकणारी म्हैस येईल. ते सगळं माझ्या चुलत बहिणींच्या वाट्याला आलं. मी उभी असते रानाच्या कडेला, उघड्यावर, आणि माझ्याकडे जेवायला येतात ती रानातली हरणं. त्यांच्या गळ्यात दावं नाही, घंटा नाही, आणि मालक तर मुळीच नाही. मनात आलं तर येतात, नाही आलं तर नाही. असल्या पाहुण्यांचं करणं किती कठीण असतं, ते मला विचारा.

माझा जन्म वनखात्याच्या कचेरीमागच्या शेडमध्ये झाला. कचेरीतल्या दफ्तरखान्याचं जुनं दार काढलं होतं. सुताराने तेच उभं-आडवं कापून माझ्या फळ्या केल्या. त्या दारावर पूर्वी रंगवलेलं होतं, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. त्यातलं 'येऊ नये' करवतीखाली गेलं आणि माझ्या पुढच्या फळीवर 'परवानगीशिवाय आत' एवढंच उरलं. हरणांनी ते आजवर तंतोतंत पाळलं आहे.

मला रानात आणलं ते रखवालदार काकांनी. तेव्हा ते काका नव्हते, मिशी नुकती फुटलेले गडी होते, पण आता सगळे काकाच म्हणतात म्हणून मीही म्हणते. काम सोपं होतं. थंडीचे चार महिने रानात बर्फ साचतं, गवत गाडलं जातं. मग हरणं उतारावरच्या फळबागांत शिरतात, झाडांच्या साली सोलतात, आणि बागवाल्यांची कुत्री हरणांची सालटी काढतात. तसं होऊ नये म्हणून त्यांना वरच पोटभर खायला घालायचं.

काकांनी पहिल्यांदा मला माळाच्या अगदी मधोमध मांडलं. चारही बाजूंनी मोकळं, ऐसपैस. माझी तर मान ताठ झाली. महिनाभर एक हरीण फिरकलं नाही. हरणाला मोकळी जागा म्हणजे लांडग्याला दिलेलं आमंत्रण वाटतं, हे तेव्हा ना काकांना ठाऊक, ना मला. मग काका रोज मला चार पावलं झाडांकडे ओढू लागले. झाडं वीस पावलांवर आली तेव्हा एका संध्याकाळी एक म्हातारी हरिणी बाहेर आली, मला हुंगलं, माझ्या फळीवर शिंकली आणि खायला लागली. काकांनी तिचं नाव ठेवलं आत्याबाई; ती गेल्यावर कळपापुढे चालणाऱ्या तिच्या लेकीलाही त्यांनी तेच नाव दिलं.

आत्याबाई आल्याशिवाय बाकीचं कुणी येत नसे. तिने आधी वारा हुंगायचा, मग एक पाय उचलून तसाच धरायचा, मग दोन पावलं यायचं, मग उगाच परत जायचं. तिचं समाधान झालं की मागून लेकी, सुना, नाती. सगळ्यात शेवटी यायचे जावईबापू. डोक्यावर ही भली मोठी शिंगं. उशिरा येणार, मधोमध उभे राहणार, आणि मक्याचे दाणे आधी वेचून वाळलेलं गवत दुसऱ्यांना ठेवणार. शिंगं दोन्हीकडे पसरलेली असल्यामुळे माझ्या बारा फुटांतले पाच फूट त्यांचेच. बाकीच्यांनी उरलेल्यात दाटीवाटी करायची. पण थंडी सरता सरता त्यांची शिंगं गळून पडत, आणि दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई मागच्या पायांवर उभी राहून त्यांना पुढच्या खुरांनी असं झोडपायची की जावईबापू टोकाला उभे राहून मुकाट्याने गवत चघळायचे. दरवर्षी हा सोहळा बघायला मला फार आवडतं.

काकांची रीत ठरलेली. दुपारी तीनला यायचं, हातगाडीतून गवत, मका आणि बिटाचे तुकडे माझ्यात ओतायचे, माझ्या कडेवर दोनदा थोपटायचं आणि तीस पावलांवर बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं. त्या वेळी ऊन समोरच्या टेकडीवरून येतं, म्हणून ते उन्हाकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसत. मग मोजे रफू कर, पट्ट्याला भोक पाड, असलं काहीतरी हातकाम. मागे कडाम कडाम बीट फुटू लागलं की ते स्वतःशीच म्हणायचे, "झालं. बसली पंगत." एकोणीस वर्षं हे असं चाललं. माझा एक पाय कुजला, तिथे दगड आला. तळाला भोक पडलं, तिथे पत्रा आला. उन्हाळ्यात माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, फक्त मुंग्या. पण थंडी आली की काका यायचे, आणि मला सगळं विसरायला व्हायचं.

मग कचेरीत नवे साहेब आले.

साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांचा कागदावर फार जीव. त्यांनी विचारलं, या गव्हाणीवर हरणं खातात याला पुरावा काय? काका म्हणाले, "साहेब, सकाळपर्यंत गव्हाण रिकामी असते की." साहेब म्हणाले, "रानडुकरं खात असतील. उंदीर खात असतील." काका म्हणाले, "संध्याकाळी मी स्वतः तिथे असतो." साहेबांनी विचारलं, "मग किती हरणं पाहिलीत तुम्ही? आकडा सांगा." आता काका तर पाठ करून मोजे शिवत बसलेले. ते डोकं खाजवत म्हणाले, "पाहिली अशी... ऐकली, साहेब."

झालं. आठवडाभरात एक पत्र आलं. चाळीस दिवस मोजणी होईल. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः येतील. त्या दिवशी माझ्यावर निदान दहा हरणं प्रत्यक्ष दिसली तर चारा चालू, नाहीतर बंद. बंद झालं तर काकांची बदली दफ्तरखान्यात आणि माझं लाकूड कचेरीच्या शेगडीला. म्हणजे ज्या कचेरीतून आले तिथेच, पण धूर होऊन. आणि हरणं? हरणांचा त्या पत्रात उल्लेखच नव्हता.

मोजणीसाठी एक संशोधक बाई आल्या. तरुण, हुशार, डोळ्यांवर चष्मा आणि हातात अठ्ठावीस रकान्यांचा तक्ता. हरणांच्या खाण्यावर कशाकशाचा परिणाम होतो, ते त्यांना शोधायचं होतं. वाऱ्याची दिशा, बर्फाची जाडी, चाऱ्याचा प्रकार, झाडांपासूनचं अंतर, कळपातली मोठी किती, लहान किती. बाई खूप मन लावून काम करायच्या. मला तर त्यांनी चार वेळा मोजलं, आणि चारही वेळा मी बारा फूटच भरले, याचा मला अभिमान वाटला.

पहिल्यांदा बाईंनी झाडाला एक कॅमेरा बांधला. त्याला मिठाची की कसली चव होती कोण जाणे, आत्याबाईने रात्रीच तो चाटून काढला. आठ दिवसांनी फोटो पाहिले तर दोनशे अकरा फोटोंत एक नाकपुडी. बाईंनी ते साहेबांना पाठवले. साहेबांनी उत्तर दिलं, 'नाकपुडीवरून हरणांची संख्या सिद्ध होत नाही.' त्या उत्तराच्या दुसऱ्या रात्री जावईबापूंनी कॅमेरा शिंगात अडकवून रानात नेला, तो आजतागायत परत आलेला नाही.

मग बाई म्हणाल्या, "काका, आपण आडोसा करू आणि स्वतः बघू." गोणपाटाचा आडोसा उभा राहिला, तीस पावलांवर, बादली होती त्याच जागी. त्याला तीन भोकं पाडली. एका भोकातून बाई, दुसऱ्यातून काका, तिसऱ्यातून बाईंची दुर्बीण. तिघांचंही तोंड माझ्याकडे.

त्या दिवसापासून हरणं दिवसाची यायची बंद झाली.

यायची म्हणजे झाडांपर्यंत यायची. मला दिसायची ना. आत्याबाई पाय उचलून उभी, मागे सगळं खटलं. बाई भोकातून रानाकडे बघताहेत, आत्याबाई रानातून भोकाकडे बघते आहे. तासभर दोघी हलायच्या नाहीत. पुढे बाईंना भूक लागायची, त्या डबा उघडायच्या, आणि झाडांआडून एकोणीस हरणं बाईंचं जेवण टक लावून बघायची. मला वाटतं हरणांनीही तिकडे एखादा तक्ता केला असावा. अंधार पडला, माणसं गेली, की मग बिचारी येऊन गपागप उरकून जात.

बाईंनी एकेक कारण तपासायला घेतलं. चारा बदलला. वाऱ्याप्रमाणे आडोसा फिरवला. मला दोन पावलं पुढे आणि तीन पावलं मागे सरकवलं, त्यात माझा दगडाचा पाय निसटला आणि मी पहिल्यांदाच सगळ्यांदेखत लंगडले. रकान्यात रोज एकच आकडा. शून्य.

"काका, वास असेल," एक दिवस बाई म्हणाल्या. "हरणांना माणसाचा वास पटकन येतो. तुमचा हा कोट कधी धुतला होता?"

काकांनी कोटाची बाही हुंगून पाहिली. "धुतला? घेतला तेव्हा नवाच होता की."

काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्या एकोणीस वर्षं याच प्रश्नाची वाट पाहत असाव्यात. "अहो, द्या इकडे!" म्हणून त्यांनी कोट अंगावरूनच ओरबाडला. पुढे काकूंनीच सांगितलं, तीन पाण्यांतून काढला, आणि तिसऱ्या पाण्यातही मक्याचे दाणे निघाले. त्यातला एक उगवायच्या बेतात होता. कोट परत आला तेव्हा काकांनीच तो ओळखला नाही. मळ गेल्यामुळे तो पातळ झाला होता आणि काका दिवसभर कुडकुडत राहिले. रकान्यात शून्य.

गंमत बाजूला ठेवते, मित्रांनो, पण ते दिवस वाईट होते. काका पूर्वीसारखं माझ्या कडेवर थोपटेनासे झाले. चारा ओतायचे आणि माझ्याकडे न बघताच आडोशात जायचे. एकदा संध्याकाळी बाई गेल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "काय गं, माझंच काही चुकलं का?" मला सगळं माहीत होतं. पण लाकडाला तोंड असतं ते फक्त चारा घालायला, बोलायला नव्हे. मला माझीच लाज वाटली.

चाळिसावा दिवस उजाडला. सकाळी ताजं बर्फ पडलं होतं, सगळीकडे चादर घातल्यासारखं पांढरं. तीनला साहेब गाडीने आले. काकांनी मला शिगोशीग भरलं, वर बिटाचे तुकडे रचले, अगदी नवरीसारखं सजवलं. मग तिघेही आडोशात गेले आणि तीन भोकांना सहा डोळे लागले.

सव्वातीन. साडेतीन. झाडांआड आत्याबाई पाय उचलून उभी. चार वाजले. साहेबांना शिंक आली. आत्याबाईने पाय खाली ठेवला आणि सगळी हरणं आत पळाली.

"पुरे," असं म्हणून साहेब आडोशातून बाहेर आले. मागोमाग काका, मागोमाग बाई. तिघे गाडीपाशी गेले. साहेबांनी बॉनेटवर कागद पसरला आणि पेन काढलं. थंडीने शाई गोठली होती. साहेब पेनावर तोंडाची वाफ सोडू लागले. तिघांचीही पाठ आता माझ्याकडे होती.

आणि आत्याबाई बाहेर आली.

वारा हुंगला. पाय उचलला. दोन पावलं आली, उगाच परत गेली, पुन्हा आली, आणि माझ्यात तोंड घातलं. मागून लेकी, सुना, नाती. मी मोजत होते, नऊ, दहा, अकरा. वळा ना! अहो, वळून बघा! असं मला ओरडावंसं वाटत होतं. आणि लगेच वाटत होतं, नका रे वळू, बारक्यांनी अजून तोंडसुद्धा लावलेलं नाही. वळले तर हरणं उपाशी पळतील, नाही वळले तर मी शेगडीत. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधे मी, बिटांनी भरलेली.

कडाम. पहिलं बीट फुटलं.

काकांची मान ताठ झाली. तो आवाज त्यांनी एकोणीस वर्षं ऐकला होता. त्यांचा हात वर आला. साहेबांच्या खांद्यावर एक टिचकी मारायची आणि मागे बोट दाखवायचं, एवढंच काम होतं. एका क्षणात दहाच्या वर हरणं प्रत्यक्ष दिसली असती. पळताना का होईना, दिसली असती. हात हवेत तसाच थांबला. मग काकांनी तो खाली घेतला.

आणि ते साहेबांशी भांडू लागले.

"साहेब, सही करायच्या आधी माझ्या खोलीच्या छपराचं बोला!"

साहेब चमकले. "छपराचं काय?"

"गळतं! सात वर्षं गळतं! सात अर्ज केले, कुणी वाचला का एक तरी? आणि माझे बूट? एका मापाचा डावा आणि दुसऱ्या मापाचा उजवा पाठवला तुमच्या कचेरीने! इकडे बघा साहेब, माझ्याकडे बघा, मी बोलतोय!"

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? आवाज खाली करा!"

"नाही करत! ही हरणं म्हणजे काय शाळेतली पोरं आहेत, हजेरी द्यायला? नाव घेतलं की हात वर करतील?"

एकोणीस वर्षांत काकांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. हरणांनी ऐकला होता, कारण बादलीवर बसून ते रोज मोठमोठ्याने स्वतःशी बडबडायचे. त्यामुळे कुणी मानही वर केली नाही. काका बोलत होते छपराबद्दल, पण कान माझ्याकडे होते. मला ते कळत होतं. आपली बदली होईल, गव्हाण जाईल, ते जाऊ दे, आजचं तरी यांना पोटभर खाऊ दे, असं त्यांचं चाललं होतं. मी जुनं दार आहे, मला भरून येण्याचं कारण नाही. पण आलं.

बाई बावरून कधी साहेबांकडे, कधी काकांकडे बघत होत्या. कुठे बघावं ते न कळून त्यांची नजर गाडीच्या बाजूच्या आरशावर गेली. आणि तिथेच थिजली.

"साहेब," त्या अगदी हळू म्हणाल्या. "वळू नका."

"का? मागे काय आहे?"

"वळू नका म्हणते ना! आरशात बघा."

साहेब वाकले. काकाही वाकले. तो आरसा तळहाताएवढा, आणि त्याच्यासमोर तीन डोकी. साहेबांची टोपी काकांच्या कानाला लागत होती, बाईंचा चष्मा साहेबांच्या वाफेने धुरकटला होता. आणि आरशात मी. बारा फूट लांब, दगडाच्या पायावर उभी, आणि माझ्या दोन्ही अंगांनी हरणंच हरणं.

"एक, दोन, तीन..." साहेब कुजबुजले. "ते मोठं शिंगवालं, तेच किती जागा अडवतंय!"

"जावईबापू आहेत ते," काका म्हणाले.

"सरकारी गव्हाणीवर जावईगिरी?" साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज बदलला होता. "सोळा... सतरा... बाई, जरा सरका, मला ते बारकं दिसत नाहीये... एकोणीस."

पाऊण तास तिघे तसेच वाकून उभे होते. हरणांनी मला चाटूनपुसून लख्ख केलं आणि आली तशी निघून गेली. साहेब सरळ झाले तेव्हा त्यांची कंबर धरली होती. त्यांनी कागदावरचा रकाना पाहिला. 'प्रत्यक्ष पाहिलेली हरणं.'

"आरशात पाहिलेलं प्रत्यक्ष धरायचं का?"

बाईंनी मागे बोट दाखवलं. आता वळायला हरकत नव्हती. ताज्या बर्फावर खुरांचे ठसेच ठसे होते आणि मी रिकामी होते. साहेब माझ्याजवळ आले, हातमोजा काढला आणि माझ्या तळाला हात लावला. मी अजून ओली होते, हरणांच्या जिभांनी. त्यांनी हात नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, आणि पेन काकांच्या बगलेत घालून शाई वितळवली. मग रकान्यात एकोणीस लिहिलं. खाली बाईंनी एक नवा रकाना आखला, एकोणतिसावा: 'बघणाऱ्याचं तोंड कोणीकडे.'

परत जाताना साहेब गाडीत बसून म्हणाले, "ते छपराचं तुम्ही रागात बोललात, की खरंच गळतं?"

"रागात बोललो, साहेब," काका म्हणाले. "आणि गळतंही."

छप्पर दुरुस्त झालं, मित्रांनो. दोनच वर्षं लागली. बुटांचं मात्र अजून कागदोपत्री चालू आहे.

आता गोणपाटाचा आडोसा गेला आणि तीस पावलांवर एक बाक आला आहे. हरणं बघायला माणसं येतात, पोरं येतात. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण म्हणतो, बाक चुकून उलटा बसवलाय. चुकून नाही. बाकाचं तोंड टेकडीकडे आहे आणि समोर खांबाला भंगारातल्या गाड्यांचे चार आरसे लावले आहेत.

माझ्या फळ्या आता खिळखिळ्या झाल्या आहेत. मला रंग लावा, तेल लावा, असं मी म्हणणार नाही. रंगाच्या वासाने आत्याबाईची नात शिंकते आणि मग तिच्यामागची सगळीच पळतात. माझं मागणं थोडकं आहे. कधी आलात तर त्या बाकावर बसा, काकांशी चार गप्पा मारा, हवं तर मोठ्याने भांडा. पण मागे कडाम आवाज झाला तर मान वळवू नका. तेवढं जेवण होऊ द्या.